संचातलं सगळ्यात लहान नाणं

सहा महिन्यांत सात बैठका झाल्या आणि सातही बैठकांचा विषय एकच होता: यंदाच्या संचात कोणती नाणी घालायची. देशाचा कारभार याहून कमी चर्चेत चालत असेल. आमच्या टांकसाळीतून दरवर्षी त्या-त्या वर्षी पाडलेल्या नाण्यांचा एक संच निघतो. निळी पेटी, आत सहा खळगे, प्रत्येकात एक कोरं करकरीत नाणं. घेणारे लोक ती पेटी कौतुकाने घरी नेतात आणि कपाटात ठेवून देतात. या बैठकांचं इतिवृत्त लिहायचं काम माझं, म्हणजे बोलायचं काम माझं नाही. एकवीस वर्षं मी मूग गिळून दुसऱ्यांची बोलणी लिहिते आहे. माझा स्वभाव ठाऊक असलेल्यांना हे खरं वाटत नाही.

घोडं अडलं होतं सगळ्यात लहान नाण्यापाशी. बाजारात ते कोणी घेत नाही. भाजीवाल्याला दिलं तर तो आपल्याकडे असा बघतो, जणू आपण त्याला बटण दिलं. तरी आम्ही ते पाडतो, कारण ते संचात असतं. आणि संचात ते असतं, कारण आम्ही ते पाडतो. विक्री विभागाच्या बाईंना त्या खळग्यात पक्ष्याचं चित्र असलेलं एक रंगीत नाणं हवं होतं. संग्राहकांचे प्रतिनिधी म्हणत, लहान नाण्याशिवाय संच म्हणजे संचच नव्हे. यांना सगळे भिंगवाले म्हणतात, कारण ते बिस्किटसुद्धा भिंगातून बघून खातात. संचालकसाहेब दोघांनाही "अगदी बरोबर" म्हणत आणि पुढची तारीख देत.

ते नाणं ज्या जुन्या प्रेसवर पाडतात, ती प्रेस माझा नवरा चालवतो. टांकसाळीत त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. नाणं गेलं की प्रेस भंगारात जाणार आणि मिस्त्रीची बदली दुसऱ्या कारखान्यात होणार, आगगाडीने चौदा तास लांब, निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं. घरी सासूबाई आहेत. पक्षाघातानंतर त्यांची उजवी बाजू अधू झाली आहे आणि त्या चालतात ते फक्त मुलाच्या हाताला धरून. मी हात पुढे केला की म्हणतात, राहू दे, तो येईल. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, रोज चालल्या नाहीत तर अंथरुणाला खिळतील. एवढ्या प्रवासाला त्यांना नेणंही शक्य नाही. तेव्हा साहेबलोक पक्षी की लहान नाणं असा घोळ घालत बसायचे, आणि माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

बोलता येत नव्हतं, पण हात बांधलेले नव्हते. जुन्या फायली उपसून मी शोधून काढलं की लहान नाणं सलग एक्केचाळीस वर्षं संचात आहे, आणि तो कागद भिंगवाल्यांच्या फायलीत सगळ्यात वर येईल असा ठेवला. विक्रीच्या बाईंना परदेशी दुकानदारांची पत्रं दाखवली. ते संच मागवायचेच मुळी त्या नाण्यासाठी. विषयपत्रिकेत हा विषय मी जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी टाकायला लागले, कारण भुकेला माणूस वाद कमी घालतो. अखेर सहाव्या बैठकीत सगळ्यांनी मान डोलावली. पक्षी उडाला. नुसती एक औपचारिकता उरली होती: पुढच्या बैठकीत मिस्त्रींचं तांत्रिक मत घेऊन शिक्कामोर्तब करायचं.

सातव्या बैठकीच्या दिवशी सकाळी चहा ओतताना मी नवऱ्याला बजावलं, की तुला काही भाषण करायचं नाही, विचारलं की एकच शब्द बोलायचा, होईल. तो म्हणाला, "बघू." एकोणतीस वर्षांच्या संसारानंतर मला या 'बघू'चा अर्थ कळायला हवा होता.

बैठकीत तो कामाच्या कपड्यांतच आला. रुमालाच्या घडीतून त्याने तीन नाणी काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी हसतमुखाने विचारलं, काय मिस्त्री, संचासाठी चालेल ना हे?

"चलनात चालेल साहेब," तो म्हणाला. "संचात नको."

माझं पेन थांबलं. साहेबांचं हसू तसंच राहिलं, पण आता त्याचं काय करावं ते त्यांना कळेना. मग याने शांतपणे समजावून सांगितलं, की नाणं पाडताना ते पोलादी कड्यात धरलेलं असतं, आमच्या प्रेसचं कडं झिजलंय, त्यामुळे नाण्याच्या कडेवरचे दाते एका ठिकाणी पुसट उतरतात, आणि तसलं नवं कडं आता कोणी बनवत नाही. भिंगवाल्यांनी नाणं उचललं, भिंग लावलं, फिरवून-फिरवून पाहिलं आणि म्हणाले, मला तर काही दिसत नाही. ज्या माणसाला बिस्किटावरचे दोष दिसतात त्याला दिसत नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात माझ्या नवऱ्याने त्यांच्या हातातलं भिंग घेतलं, नाणं बरोबर जागी धरलं आणि त्यांना दाखवून दिलं. टेबलाखालून लाथ घालावी तर तो चार खुर्च्या पलीकडे उभा.

विक्रीच्या बाई आता माझ्या बाजूने लढत होत्या, आणि मी त्यांच्याविषयी सहा महिने मनात काय-काय म्हटलं होतं ते आठवून मला लाज वाटली. त्या म्हणाल्या, अहो, पेटी बंद असते, कोणी नाणं बाहेर काढून बघतच नाही.

"म्हणूनच तर बाई," तो म्हणाला. "घेणाऱ्याला बघता येत नाही. आपण इथे बघितलंय असं समजून तो घेतो."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. सुट्टी झाली होती.

सगळे उठल्यावर साहेब माझ्याजवळ रेंगाळले. माणूस वाईट नाही. म्हणाले, बाई, तुमच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे. लिहिताना जरा मोघम लिहा, 'सुधारणा शक्य आहे का ते तपासावे' असं काहीतरी. विषय वर्षभर लोंबकळत ठेवता येईल.

मी जागेवर बसून राहिले. दोन वाक्यांचा प्रश्न होता. कोणाला कळलंही नसतं. बैठकीत आपण काय ठरवलं हे या लोकांना माझा कागद वाचूनच कळतं. मी टाईप करायला बसले आणि तो जे बोलला ते, जसं बोलला तसं, शब्दन् शब्द लिहिलं. का लिहिलं ते विचारू नका. लिहिताना मी दात-ओठ खात होते एवढं सांगते.

इतिवृत्तातल्या मतावर त्याची सही लागते. संध्याकाळी घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर मी कागद त्याच्यापुढे आपटला. त्याने चष्मा लावून सावकाश वाचला.

"हे चुकलंय," तो म्हणाला. "दाते 'एका ठिकाणी' नाही पुसट. तारखेच्या खाली."

मी कपाळावर हात मारला. "तुझी बदली होतेय. चौदा तास लांब. आणि तुला कोणत्या ठिकाणी ते पडलंय?"

"अगं, पण चुकीचंच आहे ना ते."

भांडण नीट रंगात येणार होतं, तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "कोणाची बदली?"

सहा महिन्यांत आम्ही दोघांनीही त्यांना काही सांगितलं नव्हतं. तो आत जाऊन त्यांच्या पलंगाच्या कडेला बसला. साहेबांपुढे, बाईंपुढे, भिंगापुढे फडाफडा बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून शब्द फुटेना. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणजे हेही मीच सांगायचं.

"याची, आई," मी म्हटलं. "तीन वर्षांसाठी. लांब आहे."

"का?"

सहा महिन्यांच्या बैठका, फायली, पत्रं, सगळं ओठांवर आलं होतं. "नाणं नीट येत नव्हतं," मी म्हणाले. "याने ते सांगून टाकलं."

सासूबाईंनी डाव्या हाताने पांघरूण बाजूला केलं. त्यांच्या चालायची वेळ झाली होती आणि तो सवयीने उठून उभा राहिला, हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही.

"तू बस," त्या त्याला म्हणाल्या, आणि हात माझ्याकडे केला. "ये गं. बघू तुला जमतं का."