चौकातले कंदील

आमच्या गल्लीत बौद्धांची घरं थोडी, तीही इतरांच्या घरांत मिसळलेली. एरवी कोणतं दार कुणाचं ते बाहेरून कळत नाही. बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी मात्र कळतं. माझे धाकटे दीर सुतार आहेत. ते घरोघर पांढऱ्या कागदाचा कंदील करून देतात, आत पणती. ती कुणी फुंकायची नाही, तेल संपलं की आपली आपण विझेल, अशी आमची रीत.

यंदा दुपारी दोन अनोळखी माणसं आली. कंदील कधी लावता, सगळेच लावता का, असं गोड बोलून विचारत होती. दीर मोकळे. त्यांनी कागदाला घडी कशी घालायची तेसुद्धा शिकवलं. त्या माणसांनी पाणी मात्र घेतलं नाही.

तिन्हीसांजेला आम्ही चौकात वंदनेला जमलो. घरी माझी सून, ओली बाळंतीण, आणि तिचं लेकरू. समोरची धोबीण आमच्यातली नाही, पण वंदना ऐकायला दरवर्षी खिडकीत बसते. आज तिने माझ्याकडे बघून खिडकी लावून घेतली. तेवढ्यात गल्लीतले दिवे गेले. मागच्या रस्त्यावर उजेड होता. पौर्णिमेचा चंद्र अजून घरांआड होता.

अंधारात नुसते कंदील उरले. कुणी बोट ठेवून दाखवावं तसं आमचं एकेक दार दिसत होतं.

दीर हसत म्हणाले, "वहिनी, यंदा माझ्या कंदिलांना भाव आला."

"भाऊजी, ती माणसं दुपारी काय विचारत होती?"

त्यांचं हसू विरलं. पळत जाऊन फुंकून येतो म्हणाले.

"फुंकले तर ती माणसं दारं ठोकत हिंडतील. काढून इथे आणा. उजेड असेल तिकडेच येतील."

सगळे धावले. आमच्या दारचा कंदील मीच उतरवला. आतून सुनेनं विचारलं, "आई, झाली का वंदना?"

"चालू आहे. कडी लाव. लेकराला पदराखाली घे, रडू देऊ नकोस."

चौकात कंदिलांचा ढीग झाला. मागे गल्ली काळीठिक्कर. तिच्या तोंडाशी पावलं वाजली, बरीच. दारांपाशी रेंगाळली. माझ्या घरापाशी थांबली.

मी होता नव्हता तेवढा आवाज काढून वंदना पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. बाकीच्यांनी सूर धरला.

पावलं चौकाकडे वळली. दीर माझ्यापुढे येऊन उभे राहिले. पणत्यांत तेल अजून बरंच होतं.