चौदावा रकाना

मी दीडशहाणा आहे हे मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी कळलं. इतरांना आधीच कळलं असणार, पण हेडक्लार्कला आणि थोरल्या भावाला तोंडावर सांगणार कोण?

आमच्या खात्याच्या बेंगळुरातल्या मुख्य कचेरीत फॉर्म आखणं, छापून घेणं आणि तालुक्यातालुक्यांत पाठवणं, हे माझं काम. एक्क्याण्णव साली मी अनुकंपा नोकरीचा अर्ज नव्याने आखला. कर्मचारी नोकरीत असताना वारला, तर त्याच्या घरातल्या एकाला नोकरी मागता यावी म्हणून हा अर्ज. वर्षाच्या आत करायचा, आणि उशीर झाला तर चौदाव्या रकान्यात कारण लिहायचं. जुन्या फॉर्मात त्या रकान्याला सात ओळी होत्या. लोक तिथे रामायण लिहीत. मी सातांची एक ओळ केली, असंच इतर रकान्यांचं केलं, आणि चार पानी फॉर्म एका कागदावर बसवला. तळाशी जाड अक्षरांत छापायला दिलं, ‘चौकटीबाहेरील मजकूर विचारात घेतला जाणार नाही.’

आमचा दफ्तरी देवाप्पा रेघा मारायला पट्टी घेऊन शेजारी उभा होता. म्हणाला, “सार, जागा स्वल्प कमी नाही का? ज्याच्या घरचं माणूस गेलंय तो लिहिणार.”

“खरं कारण एका ओळीत मावतं, देवाप्पा. जागा खोट्याला लागते.”

“सरी सार, तुम्ही म्हणाल तसं,” म्हणून त्याने पट्टी खाली ठेवली. माझ्या वाक्यावर मीच खूश. वर्षभरात कागद किती वाचला याचा हिशेब वरपर्यंत गेला आणि शाबासकीचं पत्र आलं. ते मी घरी काचेत लावून टाकलं.

पुढच्याच वर्षी धाकट्या बहिणीचा, रत्नाचा नवरा गेला. प्रतापराव आमच्याच खात्यात, नेमणूक रायचूरकडे. रत्ना आणि तिची मुलगी हर्षिता इकडे बेंगळुराजवळ आनेकललाच राहत. तो महिन्याकाठी येऊन जाई. तापाने गेला, तिकडेच सगळं उरकलं, असं रत्नाने सांगितलं. आम्हीही फार विचारलं नाही.

हर्षिताची पीयूसी, म्हणजे बारावी, झालेली होती. नोकरी मिळणार हे मी धरूनच चाललो होतो. पण रत्ना फॉर्म मागायला आली ती चौदा महिन्यांनी!

“झोपली होतीस का इतके दिवस?” मी खेकसलो. “याला आळस म्हणतात.”

ती पदराच्या टोकाशी चाळा करत उभी राहिली. “घरचं जरा होतं, अण्णा. भरून देता का तुम्ही?”

“कुणाला विचारायला लागू नये असाच आखलाय मी फॉर्म. तूच भर.”

ती हो म्हणाली. अर्ज निकाली काढणारी शाखा वेगळी, तिथे शब्द टाकणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. तीन महिन्यांनी उत्तर आलं, ‘विलंबाचे कारण असमाधानकारक. अर्ज नामंजूर.’ मी रत्नाला पुन्हा चार शब्द सुनावले. हर्षिता बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. दिवसभर उभं राहून पोरीच्या पायांच्या शिरा फुगल्या. ते बघितलं की मला रत्नाचाच राग यायचा.

नामंजूर अर्ज चार वर्षांनी फाडून टाकतात. त्याआधी प्रत्येक फॉर्मची एक भरलेली प्रत नमुना म्हणून ठेवायची, हा आमचा नियम. सत्त्याण्णवच्या डिसेंबरात देवाप्पाने गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. मी स्वच्छ प्रत शोधत होतो. एक कागद चारी बाजूंनी अक्षरांनी भरलेला दिसला. कानडी लिपीतलं ते बारीक अक्षर मीच शिकवलेलं.

चौकटीत एवढंच होतं, ‘घरगुती अडचणीमुळे.’ त्यावर लाल पेन्सिलीची फुली. मग समासातून ओळ वर चढली होती. पती तिकडे दुसरा संसार करून होते. तिथेच वारले. मृत्यूचा दाखला आणि नोकरीचे कागद त्या बाईकडे राहिले. मी चार वेळा गेले, चौथ्या खेपेला तिने दिले. तिलाही एक मूल आहे, तिचा राग येत नाही. वरच्या कडेने वळून मजकूर खाली उतरला होता, आणि माझ्या जाड अक्षरांतल्या सूचनेच्या अगदी खाली शेवटची ओळ होती. ‘माझे थोरले बंधू याच खात्यात आहेत. त्यांना हे कळू देऊ नये, ही हात जोडून विनंती.’

मला शरम वाटली. इतकी, की देवाप्पाकडे मान वर करून बघवेना.

फेरविचाराची मुदत कधीच संपली होती. तरी रविवारी आनेकलची बस धरली. रत्ना पायरीवर अवरेच्या शेंगा सोलत बसली होती.

“रत्ना, तुझा अर्ज माझ्या हाती आला.”

तिचा हात थांबला. “सगळा वाचला?”

“सगळा.”

“त्या साहेबांनीपण वाचलाच असेल ना, अण्णा. वाचून नाही म्हणाले. चार वर्षं तेच मनात घोळतंय. एवढं उघडं करून सांगितलं, तरी पुरलं नाही.”

इथे गप्प बसता आलं असतं. पण तिला तसंच समजत ठेवणं मला सोसेना.

“कुणी वाचला नाही, रत्ना. चौकटीबाहेरचं वाचायचं नाही, असं मीच छापून ठेवलंय.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, चिडेल. चिडायला हवी होती.

“म्हणजे तो कागद वाचणारे पहिले तुम्हीच?”

“हो.”

“एका माणसाला कळू नये म्हटलं होतं,” ती म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली.