हे पण आमचे जावई

चष्मेवाल्याच्या संसारात तसं दुःख नव्हतं. दुकान बरं चालत होतं, बायको बोलायला-चालायला चांगली होती, मुलगी त्याच्याशी गरजेपुरतं का होईना बोलत होती. दुःख होतं ते एका शब्दाचं.

त्याचे सासरे, म्हणजे अण्णा, रस्ते खात्यातून निवृत्त झालेले. अर्धं शहर त्यांच्या ओळखीचं, आणि उरलेलं अर्धं ओळखीचं असल्यासारखेच ते वागत. कुणी भेटलं की धाकट्या जावयाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "हे आमचे जावई. लिफ्ट बसवतात. मोठं काम आहे." मग मागे वळून पाहत आणि म्हणत, "आणि हे पण आमचे जावई."

हे पण! जणू लिफ्टवाल्यावर फुकट मिळालेला. वास्तविक थोरला तो. लग्न आधी त्याचं झालेलं, आहेरातला पहिला सूट त्याचा.

बायकोपाशी त्याने एकदा हे बोलून पाहिलं. ती म्हणाली, "दूध आणायला सांगितलं की तुम्हाला ऐकू येत नाही. आणि ही दोन अक्षरं बरोबर ऐकू आली?"

त्यामुळे अण्णांनी जेव्हा जाहीर केलं की रविवारी दोन्ही जावयांना घेऊन आपण जोडशिखरांच्या धारेवर जाणार, तेव्हा चष्मेवाल्याचे कान टवकारले. अण्णांची काठी घरात देवासारखी कोपऱ्यात उभी असे. नातवंडांनाही हात लावायची बंदी. ती पुढ्यात ठेवून अण्णा म्हणाले, "दोन शिखरांतलं उंच कोणतं, हे जो तिथे उभा राहून सांगेल, त्याला ही काठी."

काठीशी चष्मेवाल्याला कर्तव्य नव्हतं. पण काठी मिळालेल्या माणसाला 'हे पण' म्हणून तर बघा!

रविवारी नेहमीप्रमाणे गाडी त्यानेच चालवली. नेहमीप्रमाणे सगळ्यांना पायथ्याशी सोडून जागा शोधत तोच हिंडला, आणि धापा टाकत येऊन पोचला तेव्हा लिफ्टवाला मनगटावरचं घड्याळ अण्णांना दाखवत होता. ते घड्याळ म्हणे उंची सांगायचं.

"रोज लोकांना बटण दाबून वर पाठवणारा माणूस," चष्मेवाला म्हणाला, "आज पायांनी चढणार म्हणजे कमालच."

"साडूभाऊ, तुम्ही दम वाचवा," लिफ्टवाला म्हणाला. "शेवटी तुम्हाला मलाच उचलून आणावं लागणार आहे."

पहिल्या शिखरापर्यंतची चढण खडी आणि मुरमाड होती. अण्णा काठी टेकत बकरीसारखे वर गेले. दोन्ही जावई, दोघांनाही फक्त देखावा बघायला थांबायची हौस असल्यामुळे, पावला-पावलाला देखावा बघत पोचले.

समोर निरुंद धार खाली खिंडीत उतरत होती आणि पलीकडे चढून दुसऱ्या शिखराला भिडत होती. दुसरं शिखर उघड उघड उंच होतं. दुकानात दिवसभर भिंगं बदलत 'हे स्पष्ट की हे?' विचारणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवायला नको होतं.

"ते उंच!" दोघे एकदम म्हणाले.

"तिथे उभं राहून सांगायचं असं ठरलंय," अण्णा म्हणाले आणि डबा उघडून बसले.

मग दोन पोक्त, पोट सुटलेले गृहस्थ डोंगराच्या धारेवरून धावत सुटले. धावत म्हणजे, लांबून पाहणाऱ्याला दोघांना काहीतरी हरवलेलं शोधायची घाई आहे असं वाटलं असतं. लिफ्टवाला आधी पोचला आणि घड्याळ उंचावून ओरडला. चष्मेवाला मागून पोचला, वळला, आणि पाहतो तर काय, पहिलं शिखर या शिखरापेक्षा चांगलं हातभर वर! त्यावर अण्णा पाव खाताना दिसत होते, तेही वरून खाली बघत.

त्याने आनंद चेहऱ्यावर येऊ दिला नाही. "पाण्याची बाटली तिकडेच राहिली," असं म्हणून तो परत निघाला. लिफ्टवाल्याने त्याच्या कमरेला लटकलेल्या बाटलीकडे पाहिलं, मागच्या शिखराकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं, आणि तोही निघाला.

खिंडीत चष्मेवाल्याच्या उजव्या गुडघ्याने राजीनामा दिला. तो दगडावर बसला. लिफ्टवाला पुढे निघून जाऊ शकला असता. तसा तो चार पावलं गेलाही. मग परत येऊन शेजारी बसला.

"घ्या की काठी तुम्हीच," तो म्हणाला. "नाहीतरी सगळं तुम्हालाच मिळतं."

"मला?" चष्मेवाला दुखणं विसरला.

"अण्णांचा चष्मा मोडला, तुमच्याकडे. वाती बदलल्यासारख्या काड्या बदलायच्या, तुमच्याकडे. तासतास बसतात दुकानात. माझ्याकडे आजवर एकदा आले, तेही जिना चढून. म्हणाले, लिफ्टवर माझा विश्वास नाही."

चष्मेवाल्याने कमरेची बाटली सोडून त्याच्या हातात दिली.

शेवटी एकमेकांना धरून दोघे पहिल्या शिखरावर चढले आणि मागे वळले. दुसरं शिखर पुन्हा उंच झालं होतं, आणि घड्याळ दोन्हीकडे एकच आकडा दाखवत होतं.

अण्णा टोपी तोंडावर घेऊन झोपले होते. चाहूल लागताच टोपी बाजूला करून त्यांनी विचारलं, "मग? कोणतं उंच?"

दोघांनी दुसऱ्या शिखराकडे बोट दाखवलं.

"मग इकडे कशाला आलात?"

"अण्णा, खरं उत्तर काय?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"मला काय माहीत? मला तासभर निवांत झोप हवी होती." अण्णांनी चष्मेवाल्याचा गुडघा पाहिला आणि काठी त्याच्या हातात दिली. "धरा. नाहीतर उतरताना आम्हाला तुमच्यावर पाय देऊन जावं लागेल."

इतक्या वर्षांनी सन्मान असा पदरात पडला.

पायथ्याशी पोचल्यावर गाडी आणायला या वेळी लिफ्टवाला गेला, कारण काठीवाल्याला ते शक्य नव्हतं. तेवढ्यात अण्णांच्या खात्यातले कुणी निवृत्त साहेब समोर आले. अण्णांनी हात वर केला आणि जो खांदा जवळ होता त्यावर ठेवला.

"हे आमचे जावई. चष्म्याचं दुकान आहे. मोठं काम आहे."

चष्मेवाला ताठ झाला. गुडघ्यासकट. इतक्यात लिफ्टवाला घाम पुसत, किल्ली हलवत येऊन मागे उभा राहिला. अण्णा वळले.

"आणि हे पण आमचे जावई."

लिफ्टवाल्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते चष्मेवाल्याने पंधरा वर्षं घरच्या आरशात पाहिलं होतं. त्याला सगळ्या लग्नांचे, बारशांचे, वाढदिवसांचे दरवाजे आठवले; प्रत्येक दरवाजाशी इतरांना उतरवून गाडी लावायला जाणारा आणि मागाहून येऊन अण्णांच्या मागे उभा राहणारा तो स्वतः आठवला. साहेब निघून गेले. समोरून अण्णांच्या ओळखीचं आणखी एक जोडपं हात हलवत येत होतं.

"किल्ली द्या इकडे," चष्मेवाला म्हणाला. "गाडी वाकडी लावलीत तुम्ही."

"आणि गुडघा?"

"गुडघ्याचं मी बघतो. तुम्ही अण्णांच्या जवळ उभे राहा. आणखी जवळ."