बारा फुटांवर

हेलिकॉप्टर जमिनीपासून बारा फुटांवर थांबलं त्याला आज नववा दिवस होता, आणि कुंदा वाघचौरे अजून आतच बसून होती.

कुंदा मूळची नर्स. डोंगरातल्या वाड्यांवरचे पेशंट घाटातच दगावतात, हे चौदा वर्षं बघून तिचा जीव विटला आणि छत्तिसाव्या वर्षी ती माळावरच्या या शाळेत हेलिकॉप्टर शिकायला आली. बाकी सगळं जमलं. हवेत एका जागी थांबणं काही जमेना. दांडी जरा ढकलली की यंत्र एका अंगाला उधळायचं, सावरायला जावं तर दुसऱ्या. शेवटी शाळेने त्यात तोल सांभाळणारं एक उपकरण बसवलं. सगळे त्याला नुसतं डबा म्हणायचे. कुंदाने डबा चालू केला, आणि भिंतीत खिळा ठोकावा तसं हेलिकॉप्टर थांबलं.

"झकास," शिकवणारे कॅप्टन गुप्ते म्हणाले, आणि शिडी मागवून उतरून गेले. डबा शिकणाऱ्यासाठी होता, त्यांना त्याने जाऊ दिलं. कुंदाने शिडीवर पाय ठेवला तर डब्याला तो हेलकावा वाटला, आणि ती पुन्हा खुर्चीत होती. तीनदा तसंच झालं.

"सर, डबा बंद करू का?" तिने वरून विचारलं.

"आधी हाताने स्थिर धरून दाखवा. मग करा. नियम आहे."

"पण डबा चालू असताना मी धरलंय की त्याने धरलंय, कसं कळणार?"

"तेच तर," गुप्ते म्हणाले. तेही दमलेले दिसत होते.

चौथ्या दिवशी तिचे वडील, भाऊ, जेवण घेऊन शिडीने वर आले. भाऊंचं बसस्टँडसमोर घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. हाताला कंप सुटला आणि अकरा वर्षांपूर्वी ते बंद करावं लागलं. तेव्हापासून त्यांना शर्टाचं बटणसुद्धा कुंदा लावून द्यायची. शेजारच्या खुर्चीत बसून त्यांनी जेवणाचा डबा उघडला, वरणाची वाटी उचलली, आणि एक थेंबही सांडला नाही. ते कितीतरी वेळ हाताकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते चिमटा, भिंग आणि जुनी घड्याळं घेऊन आले. परत गेलेच नाहीत.

कुंदाची पाठ भरून आली होती. झोप यायची, पण मान कलली की डबा ती सरळ करायचा. रडावंसं वाटलं तर ओठ थरथरायच्या आत थांबायचे. डोक्यावरचा पंखा आता इतका सावकाश फिरत होता की पाती मोजता यायची. खालचं गवत वाऱ्यात हलेनासं झालं. गुप्ते हँगरच्या दारात एक पाय उचलून उभे होते, तो पाय टेकायला त्यांना अख्खी दुपार लागली.

"सगळं बरोबर बसलंय," भाऊ एक घड्याळ कानाला लावत म्हणाले. "तरी चालत नाही. आतलं चाक मागे-पुढे डोलायला हवं ना. डोलतच नाही."

कुंदाने त्यांचं मनगट हातात घेतलं. काल नाडी बेचाळीस होती. आज एकोणीस लागली.

"भाऊ, डबा बंद करते मी."

"नको गं."

"तुमचं काळीज थांबतंय. ठोक्यालाही डबा हेलकावाच समजतो."

"थांबू दे की. हात बघ माझे, कसे आहेत." ते शांतपणे म्हणाले. पापणी लवली नाही. "खाली येऊन काय, परत तुझ्याकडून बटणं लावून घ्यायची?"

"हो," कुंदा म्हणाली. "रोज लावीन."

तिने पुन्हा नाडी पाहिली. एक ठोका लागला. दुसऱ्याची वाट बघता बघता तिने डब्याचं बटण दाबलं.

पंखा एकदम गरजला. चिमटा पायाशी पडला, आणि भाऊंनी लटलटणारे हात काखेत दाबून धरले. कुंदाची बोटंही थरथरत होती. नऊ दिवसांचा शीण एकदम हातात उतरला होता. दांडी डावीकडे गेली. ती आदळण्याची वाट बघत राहिली, पण हेलिकॉप्टर तसूभरही हललं नाही. खालचा माळ डावीकडे कलला, हँगरसकट, डोंगरासकट. तिने घाबरून दांडी उजवीकडे घेतली, तसा माळ उजवीकडे कलंडला. कुंपणाचे खांब कलले, शिडी गवतावरून घसरत गेली, आणि शाळेतली सगळी माणसं एकमेकांना घट्ट धरून, मान वर करून, तिच्या हाताकडे बघत उभी राहिली.