तळावरची टिचकी

अमेयनं गळाच्या लाइनची गाठ ओठांत धरून ओली केली आणि सावकाश ओढून आवळली. बोटीतल्या समोरच्या फळीवर बसलेले डॉक्टर गुरुदत्त मान पुढे काढून बघत होते.

"शाबास. उष्ट्याबिष्ट्याचा विचार इथे करायचा नाही. कोरडी ओढलीस तर लाइन स्वतःवरच घासून जळते. दिसायला धडधाकट, आणि मासा लागला की तुटली."

"तुमचीही बांधू का, काका?"

"बांध ना. हात बसू दे तुझा."

सकाळपासून काकांच्या गाठीही अमेयच बांधत होता. आपल्यावर एवढा विश्वास टाकला याचं त्याला मनातून बरं वाटत होतं. मधेच एकदा काकांनी स्वतः गळाच्या भोकात लाइन ओवायचा प्रयत्न केला होता, ती दोनदा बाजूनं गेली, आणि मग हसून त्यांनी दोन्ही गोष्टी अमेयच्या हातात दिल्या होत्या. चष्मा गाडीत राहिला म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशाला लटकत होता, पण वडीलधाऱ्या माणसाला असं दाखवून कोण देतं?

शॉमबर्गच्या घरून तासाभराच्या अंतरावरचं ते तळं अजून पुरतं जागं झालं नव्हतं. जूनचा शनिवार. उकाडा मात्र भल्या पहाटेच उठून बसला होता. काकांनी बोटीची बॅटरीवरची मोटर बंद केली आणि रॉडचं शास्त्र सांगायला घेतलं. अमेयच्या हातात त्यांनी फायबरग्लासचा, जरा लेचापेचा रॉड दिला होता. नवशिक्यानं घाईनं झटका दिला तरी हा रॉड वाकून सांभाळून घेतो, माशाचं तोंड फाटत नाही. स्वतःकडे ठेवला होता तो ग्रॅफाइटचा, हलका आणि ताठ, त्यावर केसासारखी बारीक लाइन आणि टोकाला रबराचा किडा.

"हा किडा तळावर ओढत न्यायचा, अगदी आस्ते. बास मासा काही हिसका देत नाही. नुसता तोंडात घेतो. वर आपल्याला काय कळतं, तर एक टिचकी. एवढीशी. ती डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळते." त्यांनी तर्जनी लाइनखाली टेकवली. "चाळीस वर्षं या बोटांच्या जिवावर भाकरी खाल्ली रे."

हे खोटं नव्हतं. मराठी मंडळातल्या अर्ध्या घरांतली पोटं आणि गळे काकांच्या हाताखालून गेले होते. आणि येत्या मंगळवारी अमेयच्या आईची पाळी होती.

सुलेखाबाईंच्या गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली होती. जीवघेणी नव्हती, पण काढायला हवी होती. आईचा गळा म्हणजे आईचं सगळंच. दर रविवारी घराच्या तळघरात ती गाणं शिकवायची, आणि ज्यांना मराठीत धड पाणी मागता येत नव्हतं अशी मुलं तिच्यासमोर मांडी घालून भूप आळवायची. गुरुदत्तकाकांनी जेवणाच्या टेबलावर पांढरा दोरा ठेवून दाखवलं होतं. आवाजाची नस ही अशी गाठीला बिलगून जाते. तिला नुसता धक्का लागला तरी आवाज बसतो, कधीकधी कायमचा. "पण काळजी नको, वहिनी. दिसायच्या आधी ती माझ्या बोटांना कळते."

अमेयनं तरी ऑफिसातल्या कुणाकडून दुसऱ्या एका सर्जनचं नाव आणलं होतं. आईनं ते ऐकूनच घेतलं नाही. आपला माणूस असताना परक्याच्या दारात जायचं, आणि त्यांच्या कानावर गेलं तर त्यांना काय वाटेल? एवढ्या एका प्रश्नावर आपल्या लोकांचे सगळे सेकंड ओपिनियन गार पडतात. अमेयचंही पडलं. मग काकांचाच फोन आला, शनिवारी फिशिंगला चल म्हणून. प्रतापचे गुडघे दुखतात म्हणे या वर्षी.

प्रतापकाका म्हणजे त्यांचे भूलतज्ज्ञ. ऑपरेशन टेबलाच्या एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला ते, आणि शनिवारी याच बोटीत दोघं. हिवाळ्यात प्रतापकाका अचानक रिटायर झाले आणि बोटीतूनही उतरले. त्यांचे गुडघे गुढीपाडव्याच्या लेझीममध्ये मात्र उत्तम चालले होते, हे अमेयनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या वेळी त्याला नुसतं हसू आलं होतं.

काकांनी किडा लव्हाळ्याच्या कडेला अचूक टाकला. लाइन बुडाली. ते आईच्या मारव्याबद्दल बोलू लागले, मागच्या दिवाळीत तिनं गायलेला, आणि बोलता बोलता लाइन डावीकडे सरकायला लागली.

अमेय बघत राहिला. पाण्यात लाइन जिथे शिरत होती ती जागा सावकाश, ठाम चालीनं बोटीपासून लांब जात होती. वारा नव्हता. काका बोलतच होते, तर्जनी लाइनखाली तशीच टेकलेली. मुरलेला माणूस आहे, थांबला असेल योग्य क्षणासाठी, असं अमेयनं स्वतःला सांगितलं. मग लाइन ढिली पडली. काकांनी सवयीनं किडा गुंडाळून घेतला. त्याची अर्धी शेपटी तुटली होती.

"गवत फार झालंय यंदा," काका म्हणाले.

अमेयनं नवा किडा लावून दिला. पुढच्या वेळी लाइन सरकली तेव्हा त्याला राहवलं नाही.

"काका, लाइन."

काकांनी क्षणात रॉड उचलला. ग्रॅफाइट कमानीसारखं वाकलं, रील कुरकुरलं, आणि थोड्या ओढाताणीनंतर एक जाडजूड हिरवा बास बोटीच्या कडेला आला. काकांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. मासा त्यांनी जबड्याला धरून वर उचलला, पुन्हा पाण्यात सोडला, आणि आपला हात उलटासुलटा करून बघितला.

"बघितलंस? अजून शाबूत आहेत बोटं."

"हो, काका," अमेय म्हणाला. ती टिचकी बोटांना कळली नव्हती. ती आपण सांगितली होती. एवढंच नव्हे, आता तिला दुजोराही आपणच दिला होता.

ऊन चढलं. काका म्हणाले, आता मासे खोल गेले, आता लूर, म्हणजे आमिष, बदलू. त्यांनी पेटी उघडली. तिच्या कप्प्यांत लाकडी-प्लास्टिकचे रंगीत मासे होते, प्रत्येकाच्या पोटाखाली तीन नख्यांचे दोन गळ. काका त्यात हात घालून ढवळू लागले.

"तो लाल तोंडाचा कुठे गेला? मघाशी तर होता. प्रतापनं दिलेला. अमेय, तुझ्याकडे पडलाय का बघ."

अमेयनं वर बघितलं. लाल तोंडाचा मासा काकांच्या उजव्या हाताला लटकत होता. एक नखी तर्जनीच्या पेरात पार रुतली होती, रक्ताचा ओघळ मनगटापर्यंत आला होता, आणि त्याच हातानं काका कप्पे शोधत होते. मासा पेटीच्या कडांवर टकटक आपटत होता.

"काका," अमेय कसाबसा म्हणाला. "हात."

काकांनी खाली पाहिलं. बराच वेळ ते नुसतं पाहत राहिले, दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसे. मग त्यांनी पक्कड घेतली, गळाचं टोक पुढून बाहेर काढलं, नखी कापली आणि उरलेला तुकडा मागे ओढला. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"गारठ्यानं बोटं बधिर होतात सकाळची," ते म्हणाले.

अमेयचा टी-शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. काकांनी बोटाला रुमाल गुंडाळला, पेटी बंद केली, आणि मोटर चालू करता करता मान न वळवता म्हणाले,

"प्रतापला सांगू नकोस. उगाच बाऊ करतो तो."

परतताना गाडीत अमेय मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. काका, तुम्ही कुणाला दाखवलंत का? काका, मंगळवारचं थोडं पुढे ढकलू या का? प्रत्येक वाक्य ओठांपर्यंत यायचं, आणि मग त्याला आठवायचं की बाबा गेले त्या रात्री हाच माणूस हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये आपल्याशेजारी सकाळपर्यंत बसला होता. भिडेनं माणसं मरतात असं आई नेहमी म्हणे. कुणाची भीड, कुणाचं मरण, ते मात्र ती सांगत नसे.

आईनं दार उघडलं आणि काकांना चहाशिवाय जाऊ देईना. नारळाच्या वड्यांचा डबा भरून तयारच होता. चहा तिनं नेहमीप्रमाणे स्टीलच्या पेल्यांत ओतला. त्या पेल्यांना अमेय लहानपणापासून दबकून होता. कपाला कान असतो, पेल्याला नसतो, आणि आईचा चहा म्हणजे उकळता. आई स्वतःसुद्धा ओढणीच्या टोकानं काठ धरायची.

"जपून हं, भाजेल."

काकांनी पेला उचलला. उजव्या तळव्यात पूर्ण धरला, मुठीत घ्यावा तसा, आणि माशाची गोष्ट सांगू लागले. लाइन कशी सरकली, आपल्याला कशी टिचकी कळली. पेल्यातून वाफ वर येत होती. गोष्ट रंगत गेली आणि मूठ तशीच मिटलेली राहिली.

आई ऐकता ऐकता हसत होती. मग तिची नजर त्या मुठीवर गेली आणि तिथेच थांबली. हसू चेहऱ्यावर राहिलं, पण त्यातला जीव गेला. तिनं रुमालाकडे पाहिलं, अमेयकडे पाहिलं. अमेयनं मान खाली घातली. आईचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी गेला.

"अगं बाई," ती म्हणाली, "मी विसरलेच होते. भावजी, मंगळवारी अंगारकी आहे."

"मग?"

"माझा उपास असतो ना."

काका मोठ्यानं हसले. "वहिनी, ऑपरेशनला तसंही उपाशीच यायचंय. पुण्यात पुण्य."

"पण सोडायला चंद्र बघावा लागतो. तुमच्या हॉस्पिटलात मला चंद्र कोण दाखवणार? नको बाई. मनात किंतू घेऊन नको. पुढचं पुढे बघू."

अमेयला आठवत होतं तेव्हापासून आईनं एक चतुर्थी केली नव्हती. उपासाला ती साबुदाणा खाण्याचं निमित्त म्हणायची. अंगारकी तर कधीच होऊन गेली होती, मंडळाच्या ईमेलमध्ये त्या दिवशीचा आईचा फोटोसुद्धा होता, प्रसादाची बटाट्याची भाजी वाढतानाचा. पण काय सफाईनं काम केलं आईनं. कुणाचा शब्द मोडला नाही, कुणाचं मन दुखावलं नाही, गळाही वाचला. अमेयनं बोटीत अडवून धरलेला श्वास सोडला.

काकांनी पेला खाली ठेवला. त्यांचा तळवा लालभडक झाला होता. क्षणभर ते आईकडे असे बघत राहिले की अमेयला वाटलं, यांना कळलं. आता बोलतील. आई पण वाट बघत होती, ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून.

"तुमची श्रद्धा आहे, माझा काय आग्रह," काका म्हणाले. "काही बिघडत नाही. मंगळवारची जागा रिकामी जाणार नाही. पुढच्या महिन्यात एका बाईंचं आहे, अशीच गाठ. शाळेत शिकवते, तरुण आहे. सोमवारी सकाळी फोन करतो. लवकर होतंय म्हटल्यावर खूश होईल बिचारी."

त्यांनी डबा डाव्या हातात घेतला, आईला नमस्कार केला आणि निघाले.

दार लागलं. आई टेबलाशी उभी होती. तिनं काकांचा पेला उचलायला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. पेल्यात अर्धा चहा होता.

"शाळेत शिकवते म्हणाले," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "बोलायचं काम आहे रे तिचं."

बाहेर गाडी चालू झाली. अमेय अनवाणीच धावला. ड्राइव्हवेचं डांबर उन्हानं तापलं होतं आणि पहिल्याच पावलाला तळवे पोळले. गाडी मागे येऊ लागली होती. तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला आणि हलला नाही. लाल दिवे लागले. गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

काच खाली आली. काकांनी मान बाहेर काढली. मागच्या सीटवर दोन्ही रॉड आडवे पडले होते आणि त्यांच्या टोकांना अमेयनं बांधलेल्या गाठी तशाच होत्या.

"काय रे, काही विसरलो का मी?"

"नाही, काका," अमेय म्हणाला. त्यानं खिडकीच्या काठावर हात ठेवला. "माझंच सांगायचं राहिलंय. जरा उतरता का?"