उजव्या बाजूचे पुरावे

नव्या माणसाला हाताळण्याची समुपदेशक बाईंची एक पद्धत होती. पहिल्या दिवशी त्या रडगाणं ऐकत बसत नसत. कोरा कागद पुढे सरकवत, मधोमध उभी रेघ मारत आणि म्हणत, "सगळ्यात जास्त छळणारा एकच विचार वर लिहा. डावीकडे तो खरा असल्याचे पुरावे, उजवीकडे खोटा असल्याचे. मनात आलं म्हणजे ते खरंच असतं असं नाही, काका. तपासून घ्यायचं."

काकांना हे पटलं. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली होती. त्यांनी वर लिहिलं, 'धाकट्याला मी घरात नकोसा झालोय.' त्या विचारावर विश्वास किती तेही लिहायचं होतं. शंभरात ऐंशी.

काकांनी लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाच्या घरी मागच्या खोलीत ते राहत. डावी बाजू भराभर भरली. मी स्वयंपाकघरात गेलो की नवरा-बायकोचं बोलणं तुटतं. परवा एक माणूस माझी पुस्तकांची कपाटं टेपनं मोजून गेला; विचारलं तर म्हणाले, रंगकाम काढायचंय. उजवीकडे मात्र पेन अडखळलं. बऱ्याच वेळानं एक ओळ सुचली. 'इथं मला धाकट्यानंच आणलं. खाली गाडीत थांबलाय.'

"बघा! नकोशा माणसासाठी कोण एवढं करतं?" बाई म्हणाल्या. "आता घरी सरळ विचारून बघा. उत्तर काय येतं ते लिहून आणा."

जेवताना काकांनी धीर गोळा केला. "मी तुम्हाला जड होतोय का रे?"

धाकट्याचा घास हातातच राहिला. मग तो मोठ्यानं हसला. "काहीतरीच काय, दादा!"

"छापखाना सुटला, पण चुका शोधायची खोड काही सुटली नाही तुमची," त्याची बायको म्हणाली, आणि तिघंही हसले.

काकांनी ते उजवीकडे नीट अक्षरात उतरवलं. ऐंशी खोडून तीस केले. सख्ख्या भावावर संशय घेतला म्हणून त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली, की सकाळी त्यांनी गुपचूप धाकट्याच्या बुटांना पॉलिश करून ठेवलं.

पुढच्या भेटीत बाईंनी कागद वाचला. "छान. आता हे तीसही सैल करू. समजा, तुमची भीती खरी ठरली. सगळ्यात वाईट काय होईल?"

"माझी पुस्तकं," काका ओशाळून म्हणाले. "ती कुठं जातील?"

"दोन्ही कपाटं तिथं आरामात मावतील, काका."

चुकीच्या ओळीवर नजर अडकावी तसे काका त्या वाक्यावर अडकले.

"तिथं म्हणजे कुठं?"

बाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. "वृद्धाश्रमात. एक तारखेपासून खोली घेतलीय त्यांनी. तुम्ही पहिल्यांदा यायच्या आधीच त्यांचा फोन आला होता. तुम्हीच सांगा, असं मी त्यांना बजावलं होतं. ते म्हणाले, आधी मनाची तयारी होऊ दे."

"म्हणजे मी उजवीकडे लिहीत होतो, तेव्हा तुम्हाला डावीकडचं ठाऊक होतं."

"हो."

"त्यानं फसवलं ते एक वेळ गिळेन मी. पण बाई, तुम्ही माझा माझ्याच डोळ्यांवरचा विश्वास उडवलात. मला वाटलं, मलाच वेड लागतंय."

"चुकलं माझं, काका."

आयुष्यात काकांनी कुणाला हुकूम सोडला नव्हता. आज सोडला. "फोन लावा त्याला. मला ऐकू येईल असा."

पहिल्याच घंटेला धाकट्यानं उचलला. "हां मॅडम! झाला का दादा तयार? नाही म्हणजे, हिनं त्याचे कपडे भरायला घेतलेत."

"तिला म्हणावं, हात लावू नकोस," काका म्हणाले. "माझं सामान मी भरेन. आणि कुठं जायचं तेही मीच ठरवेन."

पलीकडून बारीक आवाज आला, "दादा?"

काका जिना उतरले. दारातच गाडी उभी होती. तिला वळसा घालून ते पायीच निघाले. मागून धाकटा काच खाली करून हाका मारत होता. काकांना रडू येत होतं, पण त्यांनी मान वळवली नाही.