हात न पोचणारी जागा

शिंपीमास्तरांनी चाळीस वर्षं लोकांच्या पाठी मोजल्या. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत टेप धरायची आणि आकडा वहीत टिपायचा. त्यांच्या स्वतःच्या पाठीला मात्र दोन वर्षांत कुणाचा हात लागला नव्हता.

मग इसबानं गाठलं. हात, पोट, पाठ, काही सोडलं नाही. गिऱ्हाइकं तर काय, फुकटचे वैद्य! एक म्हणे वांगं सोडा. दुसरा म्हणे मलमात स्टेरॉइड असतं, कातडं कागदासारखं होईल. मास्तरांनी वांगं सोडलं, पण खाज काही त्यांना सोडेना. शेवटी दवाखान्याची पायरी चढले.

"वांगी खुशाल खा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे मलम हजारो माणसांवर तपासून पाहिलंय. सांगितलं तेवढंच लावलं तर घाबरायचं कारण नाही. बोटाच्या शेवटच्या पेराएवढं मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला, रोज एकदा."

नर्सबाईंनी फॉर्म भरताना विचारलं, "पाठीला कोण लावून देईल?"

"ही आहे ना," मास्तर बोलून गेले.

ही जाऊन दोन वर्षं झाली होती. पण सवयीची जीभ, तिला कोण आवरणार? नर्सबाईंनी लिहिलं, 'पत्नी'. मास्तरांना ते खोडायला सांगवेना. तो शब्द कागदावर बरा दिसत होता.

घरी त्यांनी नाना खटपटी केल्या. लाकडी पट्टीला अस्तराचं कापड गुंडाळलं, तर सगळं मलम कापडानंच पिऊन टाकलं. मग कपाटाच्या दारावर प्लास्टिक चिकटवलं, त्यावर मलम फासलं आणि म्हशीसारखी पाठ घासली. प्लास्टिक सुटलं आणि तुकतुकीत झालं ते कपाटाचं दार. मास्तर मोठ्यानं हसले. हसू ऐकायला घरात कुणी नाही हे ध्यानात आलं तसे गप्प झाले.

सहा आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. "हात आणि पोट स्वच्छ, पाठीवर मात्र अजून आहेच. रोज लावताय ना?"

"ही लावते की."

"मग इसब मलमाला दाद देत नाहीये. गोळ्या सुरू करू. त्या मूत्रपिंडाला जड जाऊ शकतात, म्हणून अधूनमधून रक्त तपासावं लागेल." त्यांनी पेन उचललं.

नर्सबाईंनी पाठीचा फोटो काढून पडद्यावर लावला. मास्तरांनी आपली पाठ पहिल्यांदाच पाहिली. खांद्यावरून हात जातो तिथवर साफ, कमरेकडून हात येतो तिथवर साफ, आणि मधे खडूनं आखल्यासारखा लालभडक पट्टा. चाळीस वर्षं मापं घेतलेल्या माणसाला हे माप कुणी समजावून सांगायला नको होतं. नर्सबाईही पडद्याकडे पाहत होत्या.

गोळ्या गिळल्या तर ती कागदावर तरी राहील. खरं सांगितलं की तिथूनही जाणार.

"डॉक्टर, लिहू नका. ही नाही. दोन वर्षं झाली जाऊन. पाठीच्या मधोमध मलम लागलेलंच नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. नर्सबाईंनी 'पत्नी'वर हलकेच एक रेघ ओढली आणि शेजारी 'दवाखाना' असं लिहिलं.

"रोज संध्याकाळी पाचला यायचं," त्या म्हणाल्या. "दोन मिनिटांचं काम आहे."

मास्तर रोज इस्त्रीचा शर्ट घालून जाऊ लागले. पहिल्या दिवशी पाठीवर हात टेकला आणि त्यांचे डोळे भरून आले. मलमाचा वास उग्र आहे, असं त्यांनी सांगितलं. त्या मलमाला वास नव्हता.

तीन आठवड्यांत पाठ नितळ झाली.

"छान झाली हो!" नर्सबाई खूश होत्या. "आता रोज नको. पुन्हा उठू नये म्हणून आठवड्यातून दोनदा लावलं की पुरे."

मास्तरांनी शर्टाची बटणं सावकाश लावली. वरचं बटण दोनदा काढून पुन्हा लावलं.

"दोनदा म्हणजे," त्यांनी विचारलं, "कोणकोणत्या वारी यायचं?"